तीस वर्षांच्या कार्बन करारावर सही करावी का?

प्रश्न थोडक्यात असा: बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात डोंगराकडेला ६ एकर जमीन, त्यात २ एकर काळी आणि ४ एकर बरड. शेती वडील बघतात, विचारणारे स्वतः पुण्यात नोकरीला. गावात एक माणूस येऊन गेला. बांबू आणि महोगनीची रोपं फुकट, ३० वर्षांचा करार, आणि कार्बन क्रेडिटचे एकरी वर्षाला ४०,००० रुपये मिळतील असं सांगून गेला. करार इंग्रजीत, २२ पानांचा. गावातल्या काहींनी सह्या केल्यात, वडीलही तयार आहेत. विचारलंय ते एवढंच: कंपनी खरी की खोटी?

भाऊ, कंपनी खरी आहे का ते शोधायला एक संध्याकाळ पुरते. कसं शोधायचं ते खाली सांगतोच. माझ्या मते अवघड गोष्ट वेगळी आहे. तुमचे वडील या कागदावर नेमकं काय विकतायत? जमीन त्यांच्याच नावावर राहणार, झाडंही बहुतेक त्यांचीच राहणार. विकला जातोय तो शब्द, की ही झाडं ३० वर्षं उभी राहतील. आता मागची ३० वर्षं आठवून बघा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा टँकरने पाणी घालूनही वाळल्या. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पुन्हा २०१८ चा दुष्काळ. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उलटंच झालं, नदीकाठच्या जमिनी मातीसकट खरवडून गेल्या. अशा मुलखात झाडाच्या ३० वर्षांची हमी द्यायची असेल, तर जोखीम कोणाच्या डोक्यावर राहते हे आधी बघायला हवं. पैसे किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

मी १७ वर्षं बालाघाट डोंगररांगेच्या पट्ट्यात पाणलोट आणि वनशेतीचं काम करतोय. त्यातली शेवटची ६ वर्षं कार्बन प्रकल्पांसाठी झाडांची मोजणी करण्यात गेली: टेप घेऊन छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजायचा, जागेचा नकाशा-बिंदू टिपायचा, मेलेली झाडं वेगळी लिहायची. या कामाच्या विरोधात मी नाही. हे नीट झालं तर आपल्या भागाला उपयोगाचं आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच खोटे आकडे ऐकले की राग येतो.

आधी ते ४०,००० तपासू. त्याला कुठलं यंत्र लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते.

एक क्रेडिट म्हणजे झाडांनी हवेतून शोषून साठवलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, ज्याचा हिशेब कंपन्यांना विकता येतो. झाडाच्या वाळलेल्या वजनात साधारण ४७ टक्के कार्बन धरतात, आणि एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे मुळांसकट वाळून १०० किलो भरणारं झाड असेल, तर त्यात सुमारे १७२ किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला आहे. अशी सहा झाडं झाली की एक क्रेडिट. बरड जमिनीवर कोरडवाहू झाडाला वाळून १०० किलो व्हायला किती वर्षं लागतात ते तुमच्या वडिलांना विचारा. बांधावरच्या कडुलिंबाकडे बघून ते सांगतील.

आता उलट्या बाजूने या. समजा एका क्रेडिटला १००० रुपये मिळाले आणि कंपनीने एक पैसाही ठेवला नाही. एकरी ४०,००० साठी वर्षाला ४० टन कार्बन डायऑक्साइड हवा. म्हणजे जवळपास ११ टन कार्बन, म्हणजे दरवर्षी एकरी २३ टन वाळलेलं लाकूड, आणि तेही न तोडता तिथेच साठत गेलं पाहिजे. भरपूर पाणी आणि खत दिलेला ऊस एकरी ४५ टन निघाला तर पाणी वजा जाता तो १२-१३ टन भरतो. उसाच्या दुप्पट वाढ मुरमावर, पावसाच्या भरवशावर? हे कुठल्याच झाडाला जमणार नाही. तो माणूस लबाड असेल किंवा त्यालाच कोणी चुकीचा आकडा पढवला असेल. आकडा मात्र चुकीचाच आहे.

मग खरा आकडा काय? माझ्या मोजणीत, हलक्या जमिनीवर पट्ट्यात आणि बांधावर लावलेली, मर वगळून एकरी साठेक जगलेली झाडं १० वर्षांत मिळून ८ ते १० टन कार्बन डायऑक्साइडच्या आसपास जातात. वर्षाला एकरी १ टन धरा. पहिली तीन वर्षं तर मोजण्यासारखं काही हातात येतच नाही. जमीन खोल असेल, ठिबक असेल, झाडं दाट असतील, तर याच्या कितीतरी पट होऊ शकतं, हे मी मान्य करतो. पण ज्याच्याकडे खोल जमीन आणि ठिबकचं पाणी आहे तो तिथे महोगनी का लावेल? तुमच्या ४ एकर बरडावर वर्षाला ४ टन, क्रेडिट १००० ला गेलं आणि ६० टक्के वाटा तुमचा, तर वर्षाला २,४०० रुपये. सांगितले होते १,६०,०००. भाव दुप्पट झाला तरी ५,००० च्या पुढे जात नाही.

बांबूबद्दल एक वेगळी गोष्ट. बांबूची काठी दरवर्षी काढायची असते, नाहीतर बेट गुदमरतं. काढलेल्या काठीचं क्रेडिट सहसा मिळत नाही, बेटात सरासरी जेवढं उभं राहतं तेवढंच मोजतात. बांबूचा खरा पैसा काठीत आहे, आणि काठीला गिऱ्हाईक किती लांब आहे त्यावर सगळं ठरतं. मानवेल आपल्या हवेत तग धरतो. जाड काठीच्या बाल्कोवासारख्या जातींना पाणी लागतं. २०१७ मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळल्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडायला-विकायला पूर्वीचा जाच उरला नाही, ही चांगली सोय झाली. तरी, रोपं कुठल्या जातीची आहेत हे करारात लिहिलेलं नसेल तर मी पुढे वाचणारच नाही.

झाडं जगतील का, हे मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही, कारण ते तीन गोष्टींवर ठरतं आणि त्या तुम्हालाच ठाऊक आहेत. मुरूम किती फुटांवर लागतो. पहिले दोन उन्हाळे रोपाला पाणी कुठून देणार. आणि दसऱ्यानंतर घरी कोण असतं. तिसरी गोष्ट शहरातून आलेल्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. धारूर, केज, वडवणी या भागात निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि मार्चच्या पुढे परततं. रोपाला पाण्याची आणि राखणीची खरी गरज नेमकी त्याच महिन्यांत असते. गावात मोकळी फिरणारी शेरडं असतात, आणि त्यांचाही इलाज नसतो, त्यांना तोच पाला लागतो. एका गावात आम्ही जूनमध्ये लावलेली रोपं जानेवारीत मोजायला गेलो. ओळीच्या ओळी खुंट झाल्या होत्या. घरी एक म्हातारी बाई होती, ती म्हणाली, "लेकरं तोडीला गेली, मी झाडं राखू का नातू राखू?" तो प्रकल्प आखताना हा प्रश्न आमच्यापैकी कोणीच विचारला नव्हता. तेव्हापासून मी रोपांच्या खर्चाआधी राखणीचा खर्च लिहितो.

आता करार. २२ पानं असतात, पण जीव चार-पाच कलमांत असतो.

सगळ्यात आधी नुकसानीचं कलम शोधा. इंग्रजी करारात ते बहुतेक मागच्या पानांवर असतं. झाडं मेली तर काय? काही करारांत लिहिलेलं असतं की घटलेल्या क्रेडिटची भरपाई शेतकरी करेल. दुष्काळाने मेलं की माणसाने तोडलं, हा फरकच केलेला नसतो. मी एका करारात हे कलम पाहिलं, तेव्हा त्या शेतकऱ्याची निम्मी झाडं उन्हाळ्यात वाळलेली होती आणि त्याला पत्र आलं होतं. पुढे ती वसुली कोणी केली नाही, पण त्या घरात दोन महिने कोणाला झोप नव्हती. हे अन्यायाचं आहे, आणि अनावश्यकही. वेरासारख्या नोंदणी संस्थेच्या नियमांत अशा प्रकल्पांना काही क्रेडिटं राखीव साठ्यात बाजूला ठेवावी लागतात, ती आग, दुष्काळ, वादळ अशा नुकसानीसाठीच. नुकसान भरून काढायची सोय वर केलेलीच असेल, तर तीच जोखीम शेतकऱ्याच्या माथी पुन्हा का? करारात स्पष्ट ओळ हवी: नैसर्गिक आपत्तीने झाडं गेली तर शेतकऱ्याकडून काहीही वसूल होणार नाही. मुद्दाम तोडली तर काय, हे वेगळं लिहा, त्याला हरकत नाही.

दुसरं, वाटा कशातला. "निव्वळ उत्पन्नाच्या ६० टक्के" आणि "विक्रीच्या रकमेच्या ६० टक्के" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. निव्वळ म्हणजे मोजणी, पडताळणी, नोंदणी, कार्यालय, प्रवास असा सगळा खर्च आधी वजा. तो खर्च किती लावायचा ते त्यांच्या हातात. वाटा विक्रीच्या रकमेतून घ्या, टक्के थोडे कमी मिळाले तरी चालेल. पहिली पडताळणी चौथ्या-पाचव्या वर्षाच्या आसपास होते, तोवर काही येणार नाही, हेही वडिलांना आधीच सांगून ठेवा.

मग सातबारा. त्यावर आत्यांची, बहिणींची नावं आहेत का? सामाईक क्षेत्रावर एकट्या वडिलांनी ३० वर्षं बांधून घेतली, तर वाटणीच्या दिवशी भांडण ठरलेलं. करार वारसांवर बंधनकारक असतो, म्हणजे तो तुमच्यावर आणि तुमच्या मुलांवरही येतो. मध्ये जमीन विकायची झाली किंवा बँकेकडे तारण ठेवायची झाली तर कंपनीची परवानगी लागते का, ते बघा. वाद झाला तर कुठल्या कोर्टात जायचं? परगावचं कोर्ट लिहिलं असेल तर तिथे तारखांना जाणं तुमच्या वडिलांना परवडणार नाही. न्यायक्षेत्र बीड जिल्ह्याचं मागा. आणि मराठी प्रत मागा, तीही "अर्थामध्ये फरक पडल्यास मराठी प्रत ग्राह्य" या ओळीसह. चांगली माणसं हे देतात. मी स्वतः अशा दोन करारांची मराठी प्रत करून दिली आहे.

एक तोड-परवान्याची गोष्ट. साग, चिंच, आंबा, जांभूळ, चंदन अशी काही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी घेतल्याशिवाय तोडता येत नाहीत. करार संपल्यावर लाकूड विकू, असा हिशेब असेल तर झाडाची जात निवडतानाच हे लक्षात घ्या.

कंपनी तपासायची ती अशी: प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक मागा. वेरा असो की गोल्ड स्टँडर्ड, दोघांच्या याद्या इंटरनेटवर सर्वांना खुल्या आहेत. क्रमांक टाकला की प्रकल्प नोंदलेला आहे की अजून कच्च्या टप्प्यात आहे, कुठले जिल्हे दाखवलेत, किती क्रेडिटं निघालीत, सगळं दिसतं. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर विषय संपला.

हे लोक आत्ताच का फिरायला लागले, तेही सांगतो, म्हणजे गावात बोलताना उपयोग होईल. भारताने २०३० पर्यंत झाडं आणि जंगलांतून २.५ ते ३ अब्ज टनांइतका जादा कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्याचं जगाला सांगितलं आहे, आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्यावर, म्हणजे जेवढा सोडला तेवढा शोषून घेण्यावर, येण्याचं. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, त्याखाली २०२३ मध्ये देशाची स्वतःची कार्बन क्रेडिट व्यवहार योजना अधिसूचित झाली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा काढला. म्हणजे सरकारी चौकट उभी राहतेय, पण तुमच्या गावात आलेला करार बहुधा जुन्या ऐच्छिक बाजारातला आहे, जिथे परदेशी कंपन्या आपल्या मनाने क्रेडिटं घेतात. त्या बाजाराचा भरवसा २०२३ च्या सुरुवातीला फार हलला. जंगल वाचवल्याच्या नावावर विकलेल्या क्रेडिटांचे आकडे फुगवलेले असल्याचे आरोप जगभर गाजले, आणि गिऱ्हाईक मागे सरलं. आजचा भाव ३० वर्षं टिकेल असं समजून कोणी सही करू नये. भावाचा फेरविचार दर पाच वर्षांनी करण्याचं कलम असावं, आणि तेव्हा शेतकऱ्याला बाहेर पडता यावं.

आता माझ्या मनातलं. परळीचा औष्णिक संच तुमच्यापासून फार लांब नाही. तिथला २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने एक तास चालला तर जवळपास २५० टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वर सांगितल्यासारखी बरड जमिनीवरची झाडं २५० एकरांत वर्षभर जेवढा शोषतील, तेवढा. झाडं लावू नयेत असा याचा अर्थ कृपा करून काढू नका. झाडाची सावली, पाला, मातीची धूप थांबणं, पाखरं, हे सगळं आपलंच आहे. पण कोळसा कमी करण्याचं ओझं कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर टाकून मोकळं होता येणार नाही. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी, आणि धारूरचा ऊसतोड कामगार त्या २ टनांच्याही कितीतरी खाली आहे. त्याच्याकडून ३० वर्षांचा शब्द घ्यायचा तर किमान त्याला दुष्काळाची सूट द्यावी, एवढंच मागणं आहे.

शिवाय तुमच्या शेतात कार्बन कमी करण्याच्या याहून खात्रीच्या जागा आहेत, ज्यांचा फायदा थेट खिशात येतो. विहिरीवर ५ अश्वशक्तीची मोटर असेल, ती तासाला ४ युनिट खात असेल आणि वर्षात ६०० तास चालत असेल, तर २,४०० युनिट. ग्रिडच्या विजेमागे युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला १.७ टन. एका सौर पंपाने तुमच्या दीड-पावणेदोन एकर झाडांइतकं काम होतं, आणि ते पहिल्या दिवसापासून. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के रक्कम भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. मात्र सौर पंप आला की पाणी फुकट वाटायला लागतं आणि विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते, हे मी पाहिलंय. ठिबकशिवाय सौर पंप घेऊ नका.

युरियाचंही तसंच. ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतं. त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. शेतात पडल्यावर एका गोणीमागे ढोबळ मानाने १०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास हिशेब जातो, कोरड्या रानात त्याहून कमी. बांधाला गिरिपुष्प लावून त्याचा पाला सरीत टाकला, तर दोन-तीन वर्षांत गोणी कमी करता येते.

गावात दुसऱ्या प्रकारचे लोकही येतील: "मातीतला कर्ब वाढवा, क्रेडिट घ्या" म्हणणारे. वरच्या एक फुटात एकरी जवळपास १,५८० टन माती असते. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्का वाढला तर १.६ टन कार्बन, म्हणजे पावणेसहा टन कार्बन डायऑक्साइड होतो. ऐकायला छान आहे. पण आपल्या उन्हात सेंद्रिय पदार्थ भराभर जळतो, हा ०.१ टक्का मिळवायला बरीच वर्षं पाचट, पऱ्हाटी, कुटार न जाळता रानातच कुजवावं लागतं, आणि एकाच वावरात दोन ठिकाणचे नमुने घेतले तरी ०.१ चा फरक निघतो. त्यात आपली काळी जमीन चुनखडीची. प्रयोगशाळेने एकूण कार्बन मोजला आणि चुनखडीतला वजा केला नाही, तर आकडा उगाच फुगतो. माती परीक्षणाच्या कागदावर "सेंद्रिय कर्ब" लिहिलंय की नुसतं "कार्बन", हे बघत चला.

तुमच्या जागी मी काय करेन? २ एकर काळ्या जमिनीला हात लावणार नाही, तिथे सोयाबीन-तूर राहू दे. ४ एकर बरडावर सीताफळ लावेन. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, बालाघाटच्या डोंगरात ते न लावता उगवतं आणि शेरडं त्याचा पाला खात नाहीत, राखणीचं निम्मं ओझं तिथेच उतरतं. मधे थोडी चिंच, आवळा, बोर, कडेला गिरिपुष्प आणि कडुलिंब. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचं अनुदान तीन वर्षांत टप्प्याने मिळतं, तालुका कृषी कार्यालयात विचारा. सीताफळाचा पैसा फळाचा. त्याला कार्बनच्या भावाची गरज नाही. पण कार्बनसाठी जायचंच असेल तर आधी थांबा, कारण बहुतेक प्रकल्पांत करारापूर्वीच लावलेली झाडं क्रेडिटला धरत नाहीत. लागवडीआधीच ठरवायला हवं, आणि सगळी जमीन न घालता एखादा एकर घालून बघावा.

वडिलांना थेट "सही करू नका" म्हणू नका. गावातल्या इतरांनी केली, मग आपणच का मागे, असं त्यांना वाटणं साहजिक आहे. येत्या रविवारी गावी जा, त्यांना घेऊन बरडावर फिरा, कडुलिंबाच्या जुन्या झाडाचा घेर दोरीने मोजा आणि ते कधी लावलं ते त्यांनाच विचारा. सही केलेल्यांनाही बोलवा. सगळे मिळून नुकसानीचं कलम बदलून मागाल तर कंपनीला ऐकावं लागेल, एकट्याचं कोणी ऐकत नाही. आणि नुकसान, वाटा, मुदत आणि बाहेर पडण्याची अट, ही चार कलमं कंपनीचं नाव झाकून इथे टाका. मी ओळीगणिक मराठीत अर्थ लिहून देतो.